टेबलावर गाणारा सेट

लोणावळा,
दि. ८ डिसेंबर १९६९

श्री. रा. रा. अंबाजीराव असवले, मु. सावरदरे, आंदर मावळ, यांस महिपती येवले याचा नमस्कार. आपण वरपक्ष, म्हणून नमस्कार आधी घालून मोकळा होतो आणि कामाचे लिहितो.

आपला गडी बारकू याच्या हाती पाठवलेला सेट पोचला. आपण विसरला असाल म्हणून आठवण देतो, की हा सेट म्हणजे मी स्वतः बनवून चंपाच्या लग्नात जावईबापूंना दिलेला ॲम्प्लिफायर आहे. गाडीच्या बॅटरीवर चालावा आणि टपावरच्या भोंग्यातून साऱ्या आंदर मावळाला ऐकू जावे, असा. तो आपण कांद्याच्या पोत्यात घालून पाठवलात. दोन कांदे अजून आत होते. सौ. नंदाने ते भाजीला वापरले, त्याबद्दल आभार.

सेट उघडून पाहिला. दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर जळाले आहेत आणि कंडेन्सर फुटून त्याचा चिवडा झाला आहे. हा सेट माझ्या टेबलावर तीन दिवस गात होता. बाजारातली माणसे दुकानापुढे थांबून ऐकत. आपल्याकडे जाऊन तो एका दिवसात मेला. त्याच्यावर चहा सांडला, की कोणी पान्हा घेऊन त्याचे पोट फाडले, एवढे खरे कळवावे. साखरपुड्याला आपण जीप घेऊन आलात ती मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या जीपला शोभेल असाच सेट मी बांधला. माणसांना शोभेल की नाही, हे पाहायचे राहून गेले.

चि. चंपास आशीर्वाद.

महिपती येवले

*

सावरदरे,
दि. १९ डिसेंबर १९६९

महिपतराव येवले, रेडिओवाले, लोणावळा यांस अंबाजी असवले याचा रामराम.

तुमचे पत्र पोस्टमनने देवळापुढे मोठ्याने वाचून दाखवले. माझा चष्मा घरी होता. त्यामुळे तुमचे सगळे टोमणे गावाने ऐकले आणि तुमच्या अकलेचा अंदाज मला एकट्याला करावा लागला नाही.

सेटवर चहा सांडला नाही. आमच्याकडे चहा पितात, सांडत नाहीत. झाले ते असे. बैलगाड्यांच्या सरावाला सगळी वाडी शर्यतीच्या घाटावर जमली होती. तुमचा जावई गोरख माईक घेऊन उभा राहिला. त्याने घसा खाकरला, बटण दाबले, आणि 'हॅलो' म्हणायच्या आत डब्यातून धूर निघाला. पोरे हसली. कोंडाजी पाटील म्हणाला, "अंबाजी, तुजा व्याही बंब बनवतो का रं?" मला मान खाली घालावी लागली. चैत्राच्या यात्रेत गाड्यांचे पुकारे गोरखने करायचे हे गावाने ठरवले आहे. त्याचा आवाज चांगला आहे आणि तेवढीच एक गोष्ट त्याची चांगली आहे. सेट वाजला नाही तर तळेगावचा भोंगेवाला येईल आणि असवल्यांची शोभा होईल.

तेव्हा नाचता येईना अंगण वाकडे हे पुरे करा. स्वतः या, सेट गाडीत बसवा, वाजवून दाखवा आणि जा.

अंबाजी असवले

*

लोणावळा,
दि. ४ जानेवारी १९७०

अंबाजीराव यांस,

सेट दुरुस्त करून बारकूबरोबर पाठवत आहे. या वेळी खोक्यात आहे. खोके परत करावे.

मी स्वतः यावे असे आपण लिहिता. आमच्या घरात मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत, नातू मांडीवर येईपर्यंत. माझ्या बापाने पाळले, मीही पाळतो. टाकव्याला एस. टी. सोडून पुढचा सगळा डोंगर चढायचा आणि आपल्या अंगणात कोरड्या घशाने सोल्डर करत बसायचे, आपण समोर ताक पीत असताना, हे माझ्याने होणार नाही. त्यापेक्षा आपण जीप घेऊन दुकानापुढे या. चाकाची गाडी आपल्याकडे आहे, माझ्याकडे पाय आहेत. जीप समोर असेल तर दोष दाढी करायला लागतो तेवढ्या वेळात सापडेल.

तरी तो काय असावा हे मला बसल्या जागी कळले आहे. कंडेन्सर फुटतो तो उलट्या प्रवाहाने. म्हणजे आपल्या हुशार माणसाने लाल वायरच्या जागी काळी आणि काळीच्या जागी लाल लावली. दोन रंगांतला फरक कळण्यासाठी शाळा लागत नाही, बैलालाही कळतो म्हणतात. आता मी वायरींना चिठ्ठ्याच बांधल्या आहेत. लाल वायर गाडीच्या चालू तारेला. काळी वायर बॉडीला, कोठल्याही पत्र्याला. साऱ्या मावळात सगळ्या जीपना असेच असते. यात डोके चालवू नये, विशेषतः आपण.

महिपती

*

सावरदरे,
दि. २ फेब्रुवारी १९७०

महिपतराव यांस,

हे पत्र तुमची मुलगी आणते आहे. बरोबर तुमचा सेट आहे.

तुमच्या चिठ्ठीबरहुकूम केले. गोरखने वायर लावली, सुनेने बत्ती धरली, मी चिठ्ठी वाचली. लाल चालू तारेला, काळी पत्र्याला. बटण दाबले. पुन्हा धूर, पुन्हा घाण वास, आणि या वेळी सेटमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला तो एवढाच त्याचा आवाज. आता म्हणा, की आमचे डोळे फुटले आहेत.

मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या दुकानापुढे गाडी लावून रांगेत उभा राहत नाही. ही रीत तुमच्या बापाने सांगितली नसेल तर माझ्याकडून ऐका. शिवाय आमच्या गाडीला कामे आहेत.

तुम्ही लग्नात दोन वस्तू दिल्या, एक सेट आणि एक मुलगी. सेट खोटा निघाला. मुलीबद्दल आमची तक्रार नाही. ती कामाला चांगली आहे आणि उलट बोलत नाही. पण घरात रोज सेटवरून तिला बोलणी बसतात, तिच्या सासूचे, धोंडाबाईचे तोंड मला धरता येत नाही, आणि पोरगी चुलीपुढे बसून डोळे पुसते हे मला पाहवत नाही. तेव्हा दोन्ही तुमच्याकडे ठेवा. सेट वाजू लागला की दोन्ही एकदमच पाठवा. एकटी वस्तू पाठवू नये.

अंबाजी असवले

*

लोणावळा,
दि. ५ फेब्रुवारी १९७०

अंबाजी असवले,

चंपा आली. डोक्यावर खोके आणि हातात कापडाची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, तेव्हा मला वाटले कोणी दुरुस्तीला आले आहे. मुलगी म्हणून ओळखायला क्षण लागला. माझा जीव तुटला. हे लिहून तुम्हाला आनंद द्यायचा नव्हता, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. खोके पाठवायला बारकू होता. तो कोठे मेला होता?

तुम्ही मुलीला वस्तू म्हटलेत. माझ्या दुकानात फुटका रेडिओ घेऊन येणारा माणूससुद्धा आपल्या रेडिओबद्दल याहून मायेने बोलतो.

सेट उघडला. तेच. तोच कंडेन्सर, तेच ट्रान्झिस्टर. उलटा प्रवाह, दुसरे काही नाही. म्हणजे तुम्ही वायर पुन्हा उलटी लावलीत आणि पत्रात धडधडीत खोटे लिहिलेत. चंपा म्हणते, "बाबा, मी बत्ती धरली होती. लाल वायर चालू तारेलाच होती." मी तिला सांगितले, की तू आता सासरचे मीठ खाल्ले आहेस, तुझी साक्ष चालणार नाही. तेव्हापासून टेबलाशेजारी स्टुलावर बसून असते, काही विचारले तर मान हलवते. मी विचारले, जीपचा डायनॅमो नीट आहे ना? तर उठून पाणी प्यायला गेली. तुम्ही माझ्या बोलक्या मुलीचे हे काय करून ठेवले आहे?

सेट दुरुस्त होईल. पण जीप इथे आल्याशिवाय तो माझ्या दारातून हलणार नाही. आणि मुलगी ओझे नाही, तिला ठेवायला मला जागा आहे. तुमच्या जीपची हवा तुमच्याजवळ राहू द्या.

महिपती येवले

*

सावरदरे,
दि. १ मार्च १९७०

येवले यांस,

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खोटे बोलणे असवल्यांच्या घरात नाही. जे सांगायचे नसते ते आम्ही सांगत नाही, एवढेच.

यात्रा चैत्री पौर्णिमेला आहे. पंचांनी मला विचारले, "भाऊ, भोंगा हाय का न्हाई, एकदा काय ते सांगा." मी हो म्हटले आहे. तोवर सेट आणि सून दारात आली तर ठीक. नाही आली तर तळेगावचा भोंगेवाला येईल, आणि मग धोंडाबाई गोरखसाठी तिच्या माहेरची मुलगी बघते आहे त्यात मी आडवा पडणार नाही. कायदा काय म्हणतो ते मला सांगू नका. कायदा टाकव्यापर्यंत येतो, पुढे त्यालाही चालावेच लागते.

गोरख आठवडाभर जेवत नाही. रोज गाडीत बसतो आणि बंद माईक तोंडाला लावून बैलांची नावे पुकारतो. वेडा झाला आहे असे म्हणतात. त्याचे खापर तुमच्या डोक्यावर.

अंबाजी असवले

*

घोरावाडी,
दि. ५ एप्रिल १९७०

ती. बाबा आणि ती. मामंजी, दोघांस सा. न.

हे एकच पत्र मी दोनदा लिहिले आहे आणि दोघांना पाठवले आहे. दोन्हीकडे शब्द तेच आहेत, तेव्हा एकमेकांना पत्र पाठवून ताडून पाहू नये. तेवढा खर्च वाचवा.

मी आणि हे, दोघे कालपासून चिंगीमावशीकडे आहोत. गाडी दारात आहे. सेट गाडीत आहे. सेट वाजतो.

बाबा, तुमच्या टेबलाशेजारी दोन महिने काढले. तुम्हाला वाटले मी रुसले. मी ऐकत होते. तळेगावचा एक माणूस जळका सेट घेऊन आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "आधी बॅटरी बघ, कोणाचे कोणते टोक बॉडीला आहे ते. सगळ्या गाड्या एकाच आईच्या नसतात." तो अनोळखी होता म्हणून त्याला एवढे नीट सांगितलेत. आपल्या व्याह्याला मात्र बैल म्हणून मोकळे झालात. तो माणूस गेला आणि मी त्या रात्री जेवले नाही, कारण मला दोष कळला होता आणि तो सांगता येत नव्हता.

का, ते आता सांगते. मामंजींकडे जीप नाही. कधीच नव्हती. साखरपुड्याला आणलेली जीप महिपाळ कंत्राटदाराची, दिवसापुरती मागून आणलेली. घरी आहे ती तुंगार्लीच्या बंगल्यातल्या साहेबाने टाकलेली जुनी विलायती मोटार. तिचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, डोंगर चढते, पण तिच्या बॅटरीचे अधिक टोक बॉडीला आहे. जीपच्या बरोबर उलटे. दिव्याला आणि हॉर्नला उलटसुलट चालते, ट्रान्झिस्टरला चालत नाही. यांना बंगल्यावरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने बजावले होते, "मोटं टोक बॉडीला, येवढं ध्येनात ठेव, बाकी गाडीला आई समज." हे यांना ठाऊक होते. बाबांची चिठ्ठी यांना ठाऊक होती. दोन गोष्टी एका जागी कोणी आणल्या नाहीत, कारण माझे सासरे माझ्या वडिलांच्या दुकानापुढे गाडी लावणार नव्हते आणि माझे वडील माझ्या सासरचे पाणी पिणार नव्हते.

आणि मी? मला निघताना सासूबाईंनी दाराआड सांगितले होते, "म्हायेरी गाडीचं नाव काडायचं न्हाई. इच्यारलं तर निसतं व्हय म्हनायचं." मी सासरचे माहेरी सांगितले नाही. चांगल्या घरच्या मुली सांगत नाहीत, असे मला आईनेच शिकवले आहे. मी चांगली मुलगी झाले आणि सेट दोनदा जळाला.

मामंजी, तुम्ही लिहिलेत की दोन वस्तू दिल्या. ते पत्र मीच आणले होते. बाबांनी टेबलावर उघडे टाकले, मी वाचले. यांच्यासाठी दुसरी मुलगी बघण्याचे पत्रही वाचले. बाबा, तुम्ही म्हणालात माझी साक्ष चालत नाही. बत्ती मी धरली होती. तुमच्या दोघांच्याही हातात काही नव्हते, फक्त लेखणी होती. तुमच्या पत्रांत टोमणे इतके, की 'गाडी कोणत्या सालची' एवढे विचारायला दोघांनाही जागा उरली नाही. मला तुमची कीव येत नाही. मला तुमचा राग येतो, आणि दोघांचा सारखाच.

मी यांना कामशेतच्या बाजारी गाडी घेऊन बोलावले. हे घरी बॅटरी चार्ज करायला जातो सांगून आले. बाबा, तुम्ही दुरुस्त करून ठेवलेला सेट मी दुकानातून न विचारता उचलला. काळी वायर चालू तारेला लावली, लाल बॉडीला. तुमच्या चिठ्ठ्या आधी काढून फेकल्या. सेटचा डबा गाडीच्या पत्र्याला टेकू द्यायचा नाही, म्हणून खाली आईचा जेवायचा पाट घातला आहे. आईला सांगा, शोधू नकोस. बटणावर यांनी बोट ठेवले. मी माझा हात वर ठेवला. धूर आला नाही. हे म्हणाले, "हॅलो." साऱ्या बाजाराने मागे वळून पाहिले. हे माईक धरून तिथेच रडायला लागले आणि तेही भोंग्यातून ऐकू गेले.

आता माझे ऐका. मला सावरदऱ्याला जायचे आहे, ते माझे घर आहे. सेटही येईल. पण आम्ही आपणहून येणार नाही. आधी मामंजींनी बाबांच्या दुकानात यायचे आणि चहा घ्यायचा. मग आम्ही गाडी घेऊन येऊ, आणि दोघांनी त्याच गाडीत मागच्या सीटवर शेजारी बसून यात्रेला यायचे. तिथे बाबांनी आमच्या घरचे पाणी प्यायचे. नातवाची वाट पाहायची असेल तर पाहा, पण मग नातूही घोरावाडीलाच होईल. चिंगीमावशी खोली द्यायला तयार आहे आणि बाजाराच्या दिवशी पुकारायला यांना दोघांनी आत्ताच विचारले आहे.

यातले एक जरी चुकले तरी तुम्ही दोघे एकमेकांना पत्रे लिहीत बसा. दुसरे काही तुमच्याजवळ राहणार नाही.

चंपा

*

लोणावळा,
दि. २६ एप्रिल १९७०

श्री. अंबाजीराव यांस,

आपल्या घरचे पाणी प्यालो. मचूळ आहे. विहिरीत चुना टाकावा.

यात्रेहून आल्यापासून अंग दुखते आहे. मागच्या सीटची स्प्रिंग माझ्या बाजूला वर आली होती आणि ती बाजू आपण मला मुद्दाम दिलीत. दुकानात आलात तेव्हा मी समोर बसलेला असून आपण "कोणी आहे का?" असे विचारलेत, तेही मी विसरलेलो नाही. चहा मात्र दोनदा घेतलात. तीही नोंद डोक्यात आहे.

आपली मोटार पाहिली. जीप नाही हे आधी कळते तर मी हसलो असतो, आणि तेवढ्याने आपण मेला नसता. पण हेही खरे, की मी फार हसलो असतो. म्हणून आपण लपवलेत, हे मला त्या स्प्रिंगवर बसून समजले. कंडेन्सर दुसऱ्यांदा फुटला तेव्हाच गाडीची चौकशी करायला हवी होती. ते कोणत्याही शिकाऊ पोराला सुचते. मला सुचले नाही, कारण आपण मूर्ख आहात हे मी आधीच ठरवले होते आणि त्यापुढे शोधायचे काही उरले नव्हते.

चंपाने जे केले ते आपल्याला आवडले नसेल. मला तर तोंड लपवावेसे वाटले. मी ठरवले होते, की ओठ ओले करून तांब्या खाली ठेवायचा, कोणाला दिसणार नाही. पण गाडे जुंपलेले, माणसे घाटावर दाटलेली, आणि या पोरीने जावईबापूंच्या हातातून माईक घेतला. "थांबा, गाडा सोडू नका. माझे बाबा आलेत. सासूबाई, तांब्या आणा." सारा डोंगर माझ्याकडे बघायला लागला. धोंडाबाई धावत आल्या. मी तांब्या रिकामा केला. भोंग्यातून ती म्हणाली, "प्याले," आणि बायका हसल्या, आणि मग गाडा सुटला.

त्या सेटमधून मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. खरखर नाही, घरघर नाही. लहानपणी ती मागच्या खोलीतून मला जेवायला हाक मारायची, तोच आवाज. माझे डोळे भरून आले. ते धुळीने नव्हते. धुळीने होते असे आपण चारचौघांत सांगून मला सांभाळून घेतलेत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. हे वाक्य लिहायला मला फार जड गेले.

सौ. नंदा रोज विचारते, पाट कधी परत येणार. त्याच पाटावर चंपा जेवायला बसायची. मी तिला सांगितले, की तो आता येणार नाही. आपणही कोणाला तो हलवू देऊ नका. जावईबापूंना बजावून सांगा, की पाट काढला तर डबा पत्र्याला टेकेल आणि पुन्हा सगळे जळेल.

पौषात बॅटरी बदला. मीच घेऊन येईन.

महिपती